प्रेसवर बोटं का जातात, आणि हात डायमध्ये जाऊच नये म्हणून काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरीत वडिलांनी उभा केलेला प्रेस शॉप आता तुम्ही सांभाळता. दहा ते शंभर टनांचे अकरा प्रेस, बहुतेक जुने. डायमध्ये (खालच्या साच्यात) पत्रा ठेवायचा, वरून पंच दाबला जातो आणि दुचाकीचे ब्रॅकेट, क्लिपा, वॉशर निघतात. दीड वर्षात दोन मुलांची बोटं गेली. दोन्ही चौकशींत शेवटी ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं गेलं. मग तुम्ही हातमोजे आणले, भिंतीवर फलक लावले, ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घेतली. आता एक विक्रेता लाइट कर्टन, म्हणजे डायसमोर किरणांचा पडदा, बसवायला सांगतोय. तो बसवावा का, आणि आणखी काय करावं?

मी आयटीआय करून प्रेस शॉपमध्येच लागलो. आधी सेटरचा (डाय बसवून मशीन जुळवणाऱ्याचा) हेल्पर, मग सेटर, नंतर औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा करून सेफ्टी ऑफिसर. गेली २२ वर्षं भोसरी, चाकण, चिंचवड, रांजणगाव या पट्ट्यातले छोटे-मोठे प्रेस शॉप पाहतोय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी लाइट कर्टनचं, कारण तिथे पैसे वाया जातील आणि वर खोटी खात्री मिळेल. तुमचे प्रेस जुने आहेत म्हणजे त्यातले बहुतेक चावीच्या क्लचचे असणार, शॉपमध्ये आपण ज्याला नुसतं ‘की’ म्हणतो. पेडल दाबलं की फिरत्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे जड चाकात, की बसते, शाफ्ट फिरतो, रॅम (पंच धरलेला वरचा भाग) खाली येतो आणि पूर्ण फेरी मारून वर जाऊनच थांबतो. एकदा की बसली की मध्ये काहीही केलं तरी रॅम थांबत नाही. पेडलवरचा पाय काढा, मोटर बंद करा, ओरडा. फ्लायव्हीलमध्ये साठलेली ताकद ती फेरी पूर्ण करतेच. लाइट कर्टन फक्त ‘थांब’ असा इशारा देतो. ज्या प्रेसला मध्येच थांबता येत नाही त्याला इशारा देऊन काय होणार? हवेवर चालणारा क्लच-ब्रेक असेल, म्हणजे कुठल्याही ठिकाणी रॅम थांबवता येत असेल, तरच कर्टनचा विचार करायचा. अकरापैकी असे किती आहेत ते आधी मोजा.

आणि असतील तिथेही कर्टन कुठे लावला यावर सगळं अवलंबून. हात पुढे जाण्याचा वेग हिशेबासाठी सेकंदाला १.६ मीटर धरतात. कर्टनचे किरण हाताने तुटल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत पाव सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात हात ४०० मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे कर्टन डायपासून किमान तेवढा लांब हवा, शिवाय किरणांच्या मधल्या अंतराप्रमाणे आणखी थोडा. मी पाहिलेल्या कित्येक ठिकाणी तो वीतभर अंतरावर होता, कारण लांब लावला तर ऑपरेटरला वाकावं लागतं. ब्रेकचा लायनर झिजला की थांबायचा वेळ वाढतो आणि बसवताना बरोबर असलेलं अंतर वर्षभरात चुकीचं होतं. ज्याच्याकडून कर्टन घ्याल त्याला थांबण्याचा वेळ प्रत्यक्ष मोजून लेखी द्यायला सांगा. टाळाटाळ केली तर त्याच्याकडून घेऊ नका.

मग दोन हातांची बटणं? चावीच्या क्लचवर तीही फसवी. फ्लायव्हीलवर की बसायची जागा एकच असेल, तर बटण दाबल्यावर ती जागा येईपर्यंत जवळजवळ पूर्ण फेरी जाऊ शकते, आणि त्यानंतर रॅम खाली यायला अर्धी फेरी. मिनिटाला ६० फेऱ्यांच्या प्रेसवर ही दीड फेरी म्हणजे दीड सेकंद. सेकंदाला १.६ मीटरच्या हिशेबाने बटणं डायपासून २.४ मीटर लांब हवीत, तेव्हा कुठे बटण सोडून हात आत घालायला वेळ उरणार नाही. की बसायच्या तीन जागा असतील तर हेच अंतर साधारण १.३ मीटर होतं. तुमच्या शॉपमध्ये बटणं कुठे आहेत? बहुधा प्रेसच्या अंगावरच, डायपासून हातभर.

शिवाय जुन्या प्रेसचा सगळ्यात घातकी दोष या दोन्ही उपायांच्या आवाक्यात येत नाही. तो म्हणजे प्रेस ‘डबल मारणं’. पाय पेडलवर नाही, ऑपरेटर जॉब (नग) काढायला आत हात घालतो आणि रॅम आपोआप दुसऱ्यांदा खाली येतो. कीची स्प्रिंग तुटलेली, की किंवा ती बाहेर काढणारा लॅच झिजलेला, नाहीतर ब्रेकच्या पट्ट्यावर तेल गेल्याने शाफ्ट टॉपला न थांबता पुढे सरकलेला. हा दोष बऱ्याचदा अचानक उगवत नाही, आधी खुणा देतो. रॅम टॉपच्या थोडा पुढे जाऊन थांबायला लागतो, वर थांबताना नेहमीपेक्षा वेगळा ठोका येतो, मधूनच एखादा स्ट्रोक (रॅमची खाली-वर फेरी) जास्त पडतो. या खुणा ऑपरेटरला सगळ्यांच्या आधी कळतात.

मी हेल्पर होतो तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे लातूरकडचा एक मुलगा तीस टनाच्या प्रेसवर होता, माझ्याच वयाचा. सकाळी त्याने सेटरला सांगितलं, “मामा, मशीन डबल मारतंय.” सेटर म्हणाला, “गाडी उभी आहे रे, लॉट निघू दे, जेवणानंतर बघू.” जेवणानंतर दुसऱ्या प्रेसची डाय बदलायची निघाली. तीन वाजता त्याची तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. चौकशीच्या कागदावर ‘ऑपरेटरने मशीन चालू असताना डायमध्ये हात घातला’ असं लिहिलं आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. लिहिलेला शब्दन् शब्द खरा होता. हात त्याने घातलाच होता, कारण जॉब काढायला दुसरा मार्गच दिलेला नव्हता. सकाळी त्याने मशीनबद्दल सांगितलं होतं, ते मात्र कागदावर कुठेच नव्हतं. सेटर वाईट माणूस नव्हता. प्रेस बंद करण्याचा अधिकार त्यालाही कोणी दिलेला नव्हता.

म्हणून माझी पहिली विनंती: ‘निष्काळजीपणा’ हा शब्द तुमच्या चौकशीतून काढून टाका. हिशेब करून पाहा. ताशी ४०० नग, पाळीत खरं काम सात तास धरलं तर २,८०० नग. प्रत्येक नगाला हात एकदा आत जात असेल तर २६ दिवसांत ७२,८०० वेळा. पगार थकलेला असो, घरी मूल आजारी असो, रात्रपाळीचे चार वाजलेले असोत, एवढ्या वेळा हात आणि पाय यांचा मेळ एकदाही चुकता कामा नये, अशी अपेक्षा आपण त्या माणसाकडून करतो. ती कोणाकडूनच पूर्ण होणार नाही. तुमच्याकडून नाही, माझ्याकडूनही नाही. शपथ आणि फलक ऑपरेटरला सांगतात की लक्ष ठेव. ७२,८०० वेळा लक्ष ठेवायची गरज का पडते, याला त्यांच्याकडे उत्तर नाही.

तेव्हा प्रश्न एकच धरा: हात डायमध्ये जातो का, आणि का जातो?

उद्या सकाळी एक वही घेऊन प्रत्येक प्रेससमोर अर्धा तास उभे राहा. हात आत गेला की एक रेघ ओढा आणि कशासाठी गेला ते लिहा: ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) ठेवायला, तयार जॉब काढायला, चिकटलेला जॉब सोडवायला, बर (कापलेल्या कडेचा कचरा) झटकायला, तेल लावायला. ऑपरेटरला आधी सांगा की ही तपासणी त्याची नाही, मशीनची आहे. अकरा प्रेसना साडेपाच तास लागतील. सल्लागाराच्या अहवालापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडेल, कारण प्रत्येक रेघेचा उपाय वेगळा असतो.

पत्र्याची पट्टी सरकवत ब्लँकिंग (तुकडे कापणं) चालतं तिथे हात आत जायचं काही कारणच नाही. तिथे डायभोवती पक्कं गार्ड लावा, पट्टी आत जाण्यापुरती फट ठेवा आणि विषय संपवा. फटीचा हिशेब पाठ करून ठेवण्यासारखा आहे. फट सहा मिलिमीटरपर्यंत असेल तर बोटाचं फक्त टोक शिरतं, म्हणून ती पंच-डायपासून दहा मिलिमीटरवर असली तरी चालते. बारा मिलिमीटरच्या फटीतून बोट आत जातं, म्हणून तेव्हा गार्ड धोक्याच्या जागेपासून किमान १०० मिलिमीटर लांब हवं. वीस मिलिमीटरला १२०. फट मोठी ठेवून गार्ड जवळ लावणं ही नेहमीची चूक.

गार्ड प्रेसला न लावता डायलाच जोडा, असं माझं ठाम मत आहे. प्रेसला लावलेलं गार्ड प्रत्येक डायच्या वेळी पुढे-मागे करावं लागतं, आणि घाईत सेटर ते कोपऱ्यात ठेवून देतो. डायला जोडलेलं गार्ड डायबरोबरच रॅकवर जातं आणि तिच्याबरोबरच परत येतं. समोरून पॉलिकार्बोनेटची शीट लावा म्हणजे जॉब दिसतो. न दिसणाऱ्या जॉबपायी ऑपरेटर गार्ड काढतो, त्यात त्याची चूक नाही. बोल्ट ॲलन कीचे घ्या, हाताने फिरणारे नकोत. बाजू आणि मागची बाजूही झाका. सी-फ्रेमच्या (सी आकाराच्या सांगाड्याच्या) प्रेसवर मागून नग गोळा करणाऱ्या हेल्परचा हात कोणाच्या ध्यानातच नसतो, आणि पेडलवरच्या माणसाला तो दिसतही नाही.

अवघड काम दुसऱ्या ऑपरेशनचं: तयार ब्लँक आत ठेवून वाकवणं, भोक पाडणं, एम्बॉस करणं. तिथे ठेवायला आणि काढायला, दोन्हीला हात जातो. आधी काढण्याचं बघा, ते सोपं आहे. जुन्या सी-फ्रेमच्या बऱ्याच प्रेसची बॉडी मागे कलवता येते. ती कलवा आणि नॉकआउट (जॉब ढकलून काढणारा भाग) नीट चालू करा, तर जॉब आपोआप मागच्या घसरणीवरून पेटीत पडतो. नाहीतर हवेचा झोत द्या. जॉब चिकटत असेल तर का चिकटतो ते टूलरूमला (डाय बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या विभागाला) विचारा. बोथट पंच, झिजलेला स्ट्रिपर (पंचावरून पत्रा सोडवणारा भाग), मेलेल्या स्प्रिंगा, जास्त झालेलं तेल. बहुतेक वेळा यातलंच काहीतरी. धार वेळेवर लावलेली डाय हा बोटं वाचवायचा उपाय आहे, पण सुरक्षेच्या कुठल्याही यादीत तिचं नाव दिसत नाही.

ठेवण्यासाठी सरकती डाय किंवा ड्रॉवर करा. डायचा खालचा भाग किंवा नुसती ब्लँकची बैठक रुळावर बाहेर येते, बाहेरच ब्लँक ठेवायची, आत ढकलायची, आणि पूर्ण आत गेल्याशिवाय पेडल खाली जाणार नाही असा यांत्रिक अडसर द्यायचा. छोट्या ब्लँकसाठी घसरण आणि ढकलायची पट्टी. हे सगळं तुमच्याच टूलरूममधल्या माणसांना जमतं. जॉब समजावून सांगा आणि आठवडा द्या. मी पाहिलेल्या उत्तम फिक्स्चरपैकी बरीच ऑपरेटर आणि टूलरूमच्या मिस्त्रीने चहाच्या सुट्टीत खडूने जमिनीवर काढून बनवलेली होती.

आणखी एक उपाय लोक विसरतात, तो म्हणजे स्ट्रोकच लहान करणं. जॉब पातळ आणि सपाट असेल आणि पंच-डायमधली उघडी जागा सहा मिलिमीटरच्या आत ठेवता आली, तर तिथे बोट मावतच नाही. सगळ्या जॉबना हे लागू होणार नाही, पण वॉशर-क्लिपांच्या कामात तुमच्याकडे दोन-तीन डाय तरी अशा निघतील.

चिमटा आणि चुंबकाची काठी मी शेवटच्या पायरीवर ठेवतो. त्या द्याव्यातच, आणि मऊ ॲल्युमिनियमच्या द्याव्यात, म्हणजे चुकून आत राहिल्या तरी डाय फुटत नाही. पण चिमटा वापरायचा की नाही हे पुन्हा माणसाच्या लक्षावर आणि टार्गेटवर येतं.

टार्गेटवर मला थोडं थांबायचंय, कारण गार्ड काढलं जातं ते इथे. बहुतेक शॉपमध्ये ताशी नगांचा आकडा ठरतो तो डाय नवी असताना, उत्तम ऑपरेटरने, गार्डशिवाय घेतलेल्या ट्रायलवरून. मग गार्ड लावलं की ४०० चे ३४० होतात आणि सुपरवायझर विचारतो, “आज काय झालं?” दुसऱ्या दिवशी गार्ड रॅकखाली जातं. गार्ड बसवल्यावर घड्याळ लावून आकडा नव्याने ठरवा, तो लिहून प्रेसवर चिकटवा, आणि ऑफिसमधून कोणीही जुना आकडा मागणार नाही हे स्वतः सुपरवायझरसमोर सांगा. नगावर पैसे देत असाल तर दर नव्या आकड्याप्रमाणे बदला, नाहीतर सुरक्षेचा खर्च ऑपरेटरच्या खिशातून जाईल आणि तो तुमचं गार्ड का सांभाळेल? घसरणी आणि नॉकआउट बसल्यावर वेग बऱ्याचदा पुन्हा वर येतो, कारण हात फिरवण्याचा वेळच वाचतो. पण पहिला महिना तुम्हाला धीर धरावा लागेल, गिऱ्हाइकाचा फोन आला तरी.

रोजच्या तपासणीला लांबलचक कागद नको. पाळी सुरू होताना सेटरने प्रत्येक प्रेसवर दहा रिकामे स्ट्रोक मारायचे, रॅम दर वेळी टॉपलाच थांबतो का पाहायचं, ब्रेकचा पट्टा आणि पेडलची स्प्रिंग बघायची, गार्डचे बोल्ट हलवून बघायचे, सही करायची. पेडलवर वरून आणि बाजूने टोपण हवंच. वरून पडलेला एक जॉबसुद्धा पेडल दाबायला पुरतो. की आणि स्प्रिंग तुटायची वाट न पाहता ठरावीक काळाने बदला आणि तारीख प्रेसवर रंगाने लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ‘डबल मारतंय’ असं ऑपरेटर म्हणाला की प्रेस तिथल्या तिथे बंद. लाल टॅग ऑपरेटरच्याच हाताशी असू दे. तो लावायला कोणाची परवानगी नको. काढायचा मात्र फक्त सेटरने, दुरुस्ती झाल्यावर. पहिल्यांदा कोणी टॅग लावेल तेव्हा लॉट अडकलेला असेल हे नक्की. तुम्ही त्या क्षणी काय बोलता ते अकराही प्रेसवरची माणसं ऐकत असतील.

डाय बदलताना होणारे अपघात वेगळे आणि बहुधा जास्त मोठे, कारण तेव्हा पंजा किंवा मनगट आत असतं. मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, आणि तेवढ्यात कोणाचा पाय पेडलवर पडला तर स्ट्रोक बसतो. फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या. रॅमखाली आधाराचा ठोकळा ठेवा. तो साखळीने प्रेसलाच बांधून ठेवा म्हणजे शोधावा लागत नाही. मेन स्विचला सेटरचं स्वतःचं कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. दोघं काम करत असतील तर दोन कुलुपं. ‘काम चालू आहे’ची पाटी पुरत नाही, कारण रात्रपाळीला आलेल्या बिहारच्या किंवा ओडिशाच्या मुलाला ती वाचता येईलच असं नाही, आणि कुलूप सगळ्या भाषांत कळतं.

हातमोज्यांचं तुम्ही लिहिलंय म्हणून सांगतो. पत्र्याच्या धारेने कापणं त्यांनी थांबतं, म्हणून पत्रा आणि स्क्रॅप हाताळताना ते हवेतच. पण रॅमपुढे मोज्याचा काहीच उपयोग नाही. आणि तुमच्याकडे ड्रिल मशीन असणारच, तिथे मोजे अजिबात नकोत. फिरतं ड्रिल मोज्याचा धागा पकडतं आणि अख्खा हात ओढून घेतं. तीच गोष्ट सैल बाही, मनगटातला गंडा, कडं, पॅकिंगवरच्या ताईंची ओढणी यांची. देवाचा धागा काढ म्हणणं लोकांना लागतं, म्हणून मी तो कापायला लावत नाही, बाहीच्या आत घट्ट पट्टीने झाकायला सांगतो, आणि फिरत्या मशीनवर तेही चालत नाही हे समजावतो. समजावलं की ऐकतात.

नवीन माणसाबद्दल दोन शब्द. ठेकेदाराने सकाळी पाठवलेला मुलगा दुपारी पेडलवर बसतो, हे आपल्या पट्ट्यात सर्रास चालतं. त्याला खोलीत बसवून तासभर व्हिडिओ दाखवण्यापेक्षा त्याच्याच प्रेसवर, त्याच्याच भाषेत वीस मिनिटं द्या, आणि शेवटी त्यालाच करून दाखवायला सांगा: जॉब अडकला तर काय करशील? त्याने उत्तर देताना हात डायकडे नेला, तर तो आज पेडलवर बसायला तयार नाही. दिवाळीच्या आधी लॉट वाढतात, डबल पाळ्या लागतात. बारा तास काम केलेल्या माणसाला सोळाव्या तासाला प्रेसवर ठेवू नका, पॅकिंगला बसवा.

शॉपमधल्या बाकीच्या दुखापती थोडक्यात. जमिनीवरचं तेल पुसायला माणूस ठेवण्यापेक्षा ते सांडतं कुठून ते शोधा आणि खाली ट्रे लावा. डाय हाताने उचलू नका, प्रेसच्या उंचीची ढकलगाडी करा. कंबर गेलेले सेटर मी बोटं गेलेल्या ऑपरेटरांइतकेच पाहिलेत. ग्राइंडरचं नवं चाक बसवण्याआधी टिचकी मारून ऐका, खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द वाजलं तर ते फुटलेलं आहे. चाकाचा लिहिलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नसावा, टेकू आणि चाकात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, आणि चालू केल्यावर पहिला मिनिटभर समोर कोणी उभं राहायचं नाही. कानांसाठी प्लग द्या. प्रेस शॉपमधलं बहिरेपण हळूहळू येतं, म्हणून त्याची तक्रार कोणी करत नाही.

‘थोडक्यात वाचलं’ अशा घटनांची एक साधी वही ठेवा. मोज्याचं टोक चेमटलं, चिमटा चिरडला, एक स्ट्रोक जास्त पडला. लिहिणाऱ्याला एकदा जरी बोलणी बसली तर वही कायमची कोरी राहील. लिहिणाऱ्याचं काम तुम्ही आठवड्यात केलं तर ती भरत जाईल, आणि पुढचा अपघात कुठल्या प्रेसवर व्हायचा होता ते तुम्हाला त्यात आधीच दिसेल.

कायद्याचं एवढंच: चालू मशीनचा धोकादायक भाग भक्कम आवरणाने झाकलेला असला पाहिजे आणि भाग फिरत असताना ते आवरण जागेवर असलं पाहिजे, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ मध्ये लिहिलेलं होतं (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे), आणि ही जबाबदारी कारखाना चालवणाऱ्याची आहे. कामगाराने लक्ष ठेवावं, म्हणजे आवरण नसलं तरी चालेल, अशी सवलत तिथे नव्हती.

हे सगळं करूनही एखाद्या दिवशी बोट गेलं, तर काय करायचं हे आज ठरवून ठेवा, कारण त्या वेळी सगळे गोंधळतात. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात वर ठेवा. तुटलेलं बोट शोधा. डायमध्ये अडकलं असेल तर रॅम हाताने वर घ्यायचा, स्ट्रोक मारून नाही. ते हळुवार धुवा, सलाइनमध्ये किंवा स्वच्छ पाण्यात ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात कधीच नको, त्याने पेशी मरतात. नीट गार ठेवलेलं बोट बरेच तास जोडण्याजोगं राहतं, तरी जितक्या लवकर पोचाल तितकं बरं. आपल्या भागात हाताची सूक्ष्म शस्त्रक्रिया करणारा सर्जन कुठल्या रुग्णालयात चोवीस तास मिळतो हे आत्ताच फोन करून विचारा, आणि तो नंबर भिंतीवर रंगवून घ्या. जवळच्या दवाखान्यात नेऊन टाके घालून घेण्यात एक तास गेला, म्हणून जोडता येण्यासारखी बोटं गेलेली मी पाहिली आहेत.

शेवटी त्या दोन मुलांबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात ती एका ओळीतच येऊन गेली. त्यांचा ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा कामाच्या पहिल्या दिवसापासून होता की अपघाताच्या दिवशी नाव घातलं? आता असलेली सगळी माणसं, ठेकेदाराची धरून, नोंदलेली आहेत का, हे आज तपासा. उपचार चालू असेपर्यंत विमा सरासरी मजुरीच्या ९० टक्के देतो. कायमच्या नुकसानीसाठी पुढे वैद्यकीय मंडळासमोर जावं लागतं, आणि तिथे कमाईची क्षमता किती गेली ते कायद्याच्या परिशिष्टावरून ठरतं: पूर्ण अंगठा ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. त्या हिशेबाने जन्मभर दर महिन्याला रक्कम मिळते. विमा लागू नसेल तर भरपाई एकरकमी, थेट तुमच्याकडून देय आहे; नोव्हेंबर २०२५ पर्यंत ती १९२३ च्या भरपाई कायद्याखाली होती, आता सामाजिक सुरक्षा संहितेखाली. दोघांपैकी कोणी गावी निघून गेला असेल, तर त्याला हे माहीत असण्याची शक्यता फार कमी. अपघाताचा अहवाल, मजुरीची नोंद, हजेरी हे सगळे कागद तुमच्याकडूनच जायचे आहेत. त्याचा नंबर ठेकेदाराकडून घ्या, या आठवड्यात फोन करा, आणि मंडळासमोर जायच्या दिवशी तुमच्या ऑफिसमधला एक माणूस त्याच्यासोबत पाठवा.